घाटाचा राजा

वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा संतवाङ्मयावर बोलतो, इतिहासावर बोलतो, नाही तर देशाच्या अर्थकारणावर बोलतो. मी सायकलच्या शर्यतीवर बोलणार असे कळल्यावर आमच्या पवनानगरच्या दोन-तीन वडीलधाऱ्या मंडळींनी मला विचारले, “अहो, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तुम्ही कामगार चळवळीतले, कामगार कायद्यावर बोला.” त्यांची शंका रास्त आहे. परंतु माझा विषय कामगारांपासून फारसा लांब नाही, हे शेवटपर्यंत ऐकले तर त्यांनाही पटेल अशी मला आशा आहे. शिवाय हा विषय वसंत ऋतूचाच आहे. आपल्याकडे आंब्याला मोहोर आला की यात्रा-जत्रांचे दिवस आले असे आपण समजतो. बेल्जियम, उत्तर फ्रान्स आणि इटली ह्या मुलखांत थंडी सरली की सायकल-शर्यतींचे दिवस येतात, आणि त्या कोणत्या रविवारी आहेत हे तिथल्या शेतकऱ्याला आणि गिरणी कामगाराला पंचांग न बघता ठाऊक असते.

प्रथम एका दिवसाची शर्यत म्हणजे काय ते सांगतो. फ्रान्सची तीन आठवडे चालणारी मोठी शर्यत अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यात रोजचा वेळ मिळवत जातात आणि शेवटी बेरीज करतात. आज मागे पडलेला उद्या भरून काढू शकतो. एका दिवसाच्या शर्यतीत उद्या नसतो. सकाळी एका गावाहून निघायचे, अडीचशे-तीनशे किलोमीटर तोडायचे आणि संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी पोहोचायचे. जो पहिला पोहोचला तो जिंकला. मध्ये चाक फुटले, पाऊस आला, पोटात गोळा आला, तरी सबब चालत नाही. मार्ग दर वर्षी जवळजवळ तोच असतो. तेच चढ, तीच वळणे, तीच खराब वाट. त्यामुळे आज्याने जो चढ पाहिला तोच नातू पाहतो, आणि शर्यतीबरोबर त्या रस्त्यालाही नाव मिळते.

गावाहून गावाला जाणाऱ्या शर्यतींचा आरंभ १८६९ साली पॅरिस ते रुआँ ह्या शर्यतीने झाला असे मानतात. अंतर १२३ किलोमीटर होते. त्या वेळच्या सायकलीला साखळी नव्हती, पुढच्याच चाकाला पायटे असत. जेम्स मूर नावाच्या इंग्रज माणसाने ते अंतर साडेदहा तासांच्या वर वेळ घेऊन काटले आणि तो पहिला आला. आजचा साधा सायकलस्वारही ते ह्याहून लवकर काटील. पुढे १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव आणली. ह्या दोन गोष्टींनी सायकल वेगवान झाली आणि हळूहळू स्वस्तही झाली. श्रीमंतांचा खेळ होता तो मजुराचे वाहन झाला, आणि शर्यतींचे पेव फुटले ते ह्यानंतर. लिएज–बास्तोन–लिएज ही बेल्जियमची शर्यत १८९२ ची. पॅरिस–रूबे १८९६ ची. लोम्बार्दीची शर्यत १९०५ ची, मिलान–सान रेमो १९०७ ची, आणि फ्लँडर्सची १९१३ ची. ह्या पाच शर्यतींना तिकडे ‘स्मारके’ म्हणतात. लोम्बार्दीची शर्यत पानगळीच्या दिवसांत होते. बाकीच्या चारही वसंतातल्या आहेत.

ह्या शर्यती कोणी सुरू केल्या? येथे कामगार कार्यकर्त्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्या कामगारांनी सुरू केल्या नाहीत. रूबे हे कापड गिरण्यांचे गाव, आपल्या गिरणगावासारखे. तिथल्या दोन गिरणीवाल्यांनी सायकलीसाठी एक गोल धावपट्टी बांधली होती, आणि तिचे नाव व्हावे म्हणून पॅरिसहून आपल्या गावापर्यंत शर्यत घ्यावी अशी कल्पना त्यांनी काढली. इतर शर्यती बव्हंशी वर्तमानपत्रांनी काढल्या. शर्यत रस्त्यावरून जाते, तिचा एक तुकडाच प्रत्येकाला दिसतो. मग पुढे काय झाले हे कळण्यासाठी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र विकत घ्यावे लागते. खप वाढवण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी नव्हती. सायकलींचे आणि टायरांचे कारखानदार तर मागे होतेच. अर्थात भांडवल त्यांचे होते आणि नफाही त्यांचा होता.

पण पाय कोणाचे होते? पॅरिस–रूबे १८९७ आणि १८९८ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकणारा मोरीस गारँ हा लहानपणी धुराडी साफ करणारा पोरगा होता. इटलीचा फाउस्तो कोप्पी खाटकाच्या दुकानात नोकर होता, सायकलवरून घरोघर माल पोहोचवायचा. त्याच कोप्पीने १९४६ मध्ये, महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या वसंतात, मिलान–सान रेमोच्या शर्यतीत जवळजवळ दीडशे किलोमीटर एकट्याने पुढे राहून चौदा मिनिटांनी शर्यत मारली. उद्ध्वस्त झालेल्या इटलीला त्या दिवशी काय वाटले असेल, ह्याची कल्पना करता येते. आणि झाँ स्ताब्लिन्स्की हा तर माझ्या मते सर्वांत ध्यानात ठेवण्यासारखा माणूस. तो पोलंडहून आलेल्या मजुराचा मुलगा, लहान वयात अरेनबर्गच्या कोळसा खाणीत उतरलेला. पुढे तो मोठा सायकलपटू झाला, १९६२ मध्ये जगज्जेता झाला. पॅरिस–रूबेच्या चालकांना खडबडीत रस्ते हवे होते, तेव्हा त्याने त्यांना अरेनबर्गच्या जंगलातली जुनी दगडी वाट दाखवली. १९६८ पासून ती वाट शर्यतीत आली. ज्या वाटेखाली त्याने कोळसा खणला, तिच्यावरूनच त्याने सायकल हाकली. खाण पुढे १९८९ मध्ये बंद पडली. वाट आहे, आणि तिच्यामुळे खाणीची आठवणही आहे.

ह्या पायांना आवाजही होता. आँरी पेलिसिए हा १९१९ आणि १९२१ ची पॅरिस–रूबे जिंकलेला फ्रेंच वीर. १९२४ च्या फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत पहाटेच्या थंडीसाठी घातलेली जादा बंडी उन्हात काढून टाकायची नाही, असा नियम त्याच्यावर लादण्यात आला. अधिकारी त्याची बंडी उचलून खाली किती घातल्या आहेत हे तपासू लागला, तेव्हा पेलिसिएने भावाला आणि एका सोबत्याला घेऊन शर्यतच सोडली. आल्बेर लोंद्र ह्या पत्रकाराने त्यांची गाठ घेऊन स्वारांच्या हालांचा सारा वृत्तांत छापला आणि देशभर चर्चा झाली. कामाच्या जागी माणसाची झडती घेण्याविरुद्ध ज्यांनी कधी आवाज उठवला आहे, त्यांना ह्या प्रसंगात अपरिचित असे काही वाटणार नाही.

मालकाच्या जाहिरातीसाठी निघालेली शर्यत लोकांची कशी झाली, हे फ्लँडर्समध्ये स्पष्ट दिसते. बेल्जियमच्या ह्या भागात शेतकरी-मजुरांची भाषा फ्लेमिश आणि साहेबांची, सैन्यातल्या अधिकाऱ्यांची, कचेरीची भाषा फ्रेंच. कारेल व्हान वेइनेंडाल हा गरीब घरातला, शाळा लवकर सुटलेला माणूस स्वतःच्या वाचनावर पत्रकार झाला आणि लोकांच्या भाषेत खेळांचे वर्तमानपत्र चालवू लागला. १९१३ मध्ये त्याने फ्लँडर्सच्या खेड्यापाड्यांतून फिरणारी शर्यत काढली. आपली गावे, आपले चढ आणि आपल्या नावांचे स्वार आपल्या भाषेत छापून आलेले पाहून त्या लोकांना आपण कोणीतरी आहोत असे वाटले. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फ्लँडर्सची शर्यत म्हणजे आज तिथला सण आहे. रस्त्याच्या कडेला कुटुंबेच्या कुटुंबे सकाळपासून बसतात. स्वार दिसतात मोजून काही मिनिटे.

आता ‘उत्तरेचा नरक’ ह्या नावाविषयी. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिस–रूबे पुन्हा घ्यायची म्हणून चालक आणि पत्रकार मार्ग बघायला गेले. चार वर्षे तोफा चाललेला तो मुलूख. झाडे जळालेली, गावे सपाट झालेली, जिकडेतिकडे खड्डे. त्यांनी लिहिले की हा नरक आहे, आणि ते नाव कायम राहिले. पुढे रस्ते सुधारले, डांबर आले, आणि शर्यतीच्या ओळखीचे दगडी रस्ते एकेक करून नाहीसे होऊ लागले. तेव्हा त्या भागातल्या लोकांनी ‘पॅरिस–रूबेचे मित्र’ अशी मंडळी स्थापन केली. हे लोक फावडी घेऊन निखळलेले दगड पुन्हा बसवतात. बागकाम शिकणारी मुलेही त्यांच्या मदतीला असतात. अडीचशेवर किलोमीटरच्या शर्यतीत पन्नास-पंचावन्न किलोमीटर दगडी रस्ता आजही आहे तो ह्या मंडळींमुळे. विजेत्याला बक्षीस म्हणून काय देतात? चौथऱ्यावर बसवलेला एक रस्त्याचा दगड. रूबेच्या मैदानातल्या जुन्या न्हाणीघरात सिमेंटच्या खोपट्यांवर आजवरच्या विजेत्यांच्या नावांच्या छोट्या पाट्या आहेत. सोन्याचा पेला देणाऱ्या शर्यती पुष्कळ असतील. रस्त्याचा दगड मिळावा म्हणून माणसे जिवाचे रान करतात, ह्यात त्या रस्त्याचा मान आहे. २०२१ पासून स्त्रियांचीही पॅरिस–रूबे होऊ लागली, म्हणजे सव्वाशे वर्षे उशिरा. फ्लँडर्समध्ये स्त्रियांची शर्यत २००४ पासून आहे.

रस्त्याचा आणि स्वाराचा संबंध किती खोल जाऊ शकतो, ह्याचे आणखी एकच उदाहरण देतो. जीनो बार्ताली हा मिलान–सान रेमो चार वेळा जिंकलेला इटालियन. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांची धरपकड चालू असताना तो सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत शेकडो किलोमीटर सायकल मारी. सायकलच्या पोकळ नळीत त्या लोकांना वाचवण्यासाठी केलेली खोटी ओळखपत्रे गुंडाळून ठेवलेली असत. शिपाई त्याला ओळखत आणि जाऊ देत. त्याने हयातीत ह्याचा गवगवा केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला.

इतके परदेशाचे झाले. आता आपण आपल्या दाराशी येऊ.

आपल्याकडे ह्या जातीची शर्यत म्हणजे मुंबई–पुणे सायकल-शर्यत. गेल्या शतकात तिने पिढ्यान्‌पिढ्यांना रस्त्याच्या कडेला उभे केले. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर, म्हणजे युरोपातल्या शर्यतींपेक्षा कमी. परंतु निसर्गाने तिचा मार्ग असा आखला आहे की कोणा चालकाला त्यात सुधारणा सुचू नये. पहिला भाग मुंबई, पनवेल, खोपोली असा सखल आणि दमट. मग बोरघाट. वर आले की खंडाळा, लोणावळा आणि तिथून कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, पिंपरी असा पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरचा मोकळा माळ.

ह्यातली मेख समजण्यासाठी थोडे शास्त्र सांगतो. सपाटीवर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती वाऱ्याला बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो. दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालले तर सुमारे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. म्हणून स्वार घोळक्याने चालतात आणि पाळीपाळीने पुढे येऊन वारा खातात. एकटा पुढे पळाला तर वारा त्याला थकवतो आणि घोळका त्याला गाठतो. संघात एकाचे नाव होते, पण त्याच्यापुढे वारा खाणारे, त्याला पाणी आणून देणारे, वेळ पडली तर स्वतःचे चाक काढून देणारे सोबती निराळेच असतात. बक्षिसाची रक्कम विजेत्याने सोबत्यांत वाटायची, अशी त्या धंद्यात रीतच आहे. संघटनेचे महत्त्व मी गेट-सभेत अनेकदा सांगितले आहे, परंतु सायकलींचा घोळका ते जितक्या चटकन पटवून देतो तितके मला कधी जमले नाही.

घाट लागला की हे गणित बदलते. वेग उतरतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही, आणि प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत उंचीचा फरक पाचशे मीटरच्या आसपास आहे. स्वार आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो धरा. मार्केट यार्डातला हमाल पन्नास किलोचे पोते जमिनीपासून दीड मीटर उंच, ट्रकच्या फाळक्यापर्यंत उचलतो. हिशेब केला तर घाट चढणे म्हणजे अशी पाचशे पोती भरणे होय, आणि चांगला स्वार हे काम अर्ध्या तासाच्या आतबाहेर करतो. हमालाला पोत्याबरोबर स्वतःचे अंगही उचलावे लागते हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ह्या हिशेबाने मला स्वाराइतकाच हमालाचाही आदर वाटतो.

घाटमाथ्यावर जो पहिला येतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळे बक्षीस. घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असेल असे नाही. घाटात सगळी ताकद ओतणारा पुढच्या माळावर एकटा पडतो, आणि मागून चार-पाच जणांचे टोळके वारा वाटून घेत येते व त्याला गिळते. म्हणून घाटात किती खर्चायचे आणि पुण्यासाठी किती राखायचे, हा ह्या शर्यतीचा खरा प्रश्न आहे.

‘घाटाचा राजा’ हे शब्द आपल्या कानाला परके नाहीत. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावच्या यात्रांत बैलगाडा जिथे पळतो त्या चढाच्या धावपट्टीलाही आपण घाटच म्हणतो, आणि तिथेही घाटाचा राजा ठरतो. बैलगाड्यांवर २०१४ मध्ये बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती सशर्त उठली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला. ह्या काळात मावळच्या माणसाला किती चुटपुट लागली होती ते आपण पाहिले आहे. शर्यत बंद पडली की यात्रेचा एक दिवस रिकामा राहतो, पाहुणे येत नाहीत, गावाला आपले काही गेले असे वाटते. मग मुंबई–पुणे शर्यतीचा नेम चुकू लागला, काही वर्षे ती झाली आणि काही वर्षे झाली नाही, तेव्हा आपल्याला तशी चुटपुट का लागली नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. त्याचे उत्तर मला रस्त्यात सापडते.

बोरघाटाचा रस्ता कोणाचा आहे? १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, तो गाड्यांसाठी खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे वर चढली. त्या कामावर हजारो मजूर पटकीने आणि अपघाताने मेले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. धनगराने साहेबाला वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच मारले, अशी कथा लोक सांगतात. कथेची शहानिशा कोणी करावी. पण जाणारा-येणारा ड्रायव्हर त्या देवळापुढे नाणे टाकतो, म्हणजे वाट कोणी दिली हे लोकांनी आपल्या परीने लक्षात ठेवले आहे. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि आपल्या मावळच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पाणी नळातून खाली जायचे, आणि माणसे घाट चढून-उतरून कामाला.

पुढे ह्या रस्त्यावर सायकली आल्या. १९४९ मध्ये मद्रासला, १९५१ मध्ये सोनपतला, १९५६ मध्ये लुधियान्याला देशी कारखाने निघाले आणि कामगाराला सायकल परवडू लागली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचा डेपो, पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना, पाळी सुटली की सायकलींचा लोंढा लागे. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, पुढच्या दांडीवर एखादे पोर.

माझे वडील असेच कामशेतहून तळेगावच्या बाजूला कामाला जात. मी शाळकरी असताना त्यांनी मला शर्यत दाखवायला कामशेतच्या नाक्यावर नेले. तासभर आम्ही उभे होतो. मग मोटरसायकली आल्या, शिट्ट्या झाल्या, आणि रंगीत बंड्यांचा एक घोळका सर्रकन गेला. रेल्वेचे, सेनादलाचे, सांगलीकडचे स्वार असे लोक म्हणत होते. मला फक्त साखळ्यांचा आवाज आठवतो. मी हिरमुसलो. वडील म्हणाले, “थांब, अजून आहेत.” मग एकेकटे येऊ लागले. त्यांच्यातल्या एकाचे चाक बसले होते. तो घाट चढून आलेला, ओठ पांढरे पडलेले. वडिलांनी आपल्या सायकलीचा पंप काढला, एका हॉटेलवाल्याने तांब्याभर पाणी दिले, पंक्चरवाल्याने ट्यूब लावली आणि पैसे घेतले नाहीत. तो पोरगा नमस्कार करून पुन्हा बसला आणि निघून गेला. तो कितवा आला हे आम्हाला कधीच कळले नाही. पण वडील ज्या रस्त्याने रोज पाळीला जात त्याच रस्त्याने तोही गेला होता, आणि दोघांच्या ट्यूबला ठिगळ लावणारा माणूस एकच होता. ती शर्यत आमची होती ती ह्या अर्थाने.

आज तसे राहिलेले नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि तो असणे योग्यही आहे. पण जुन्या रस्त्यावर तरी सायकलीला जागा राहिली का? जो रस्ता बारा महिने सायकलीसाठी धोक्याचा आहे, तो एका सकाळी शर्यतीसाठी मोकळा करायचा म्हटले की सर्वांना ती कटकट वाटते. फ्लँडर्समध्ये कटकट वाटत नाही, कारण तिथे उरलेले दिवसही माणसे सायकलने कामावर जातात. शर्यतीचा नेम चुकला त्याच्या आधी कामगाराची सायकल रस्त्यावरून गेली होती.

मला एक प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या युनियनचा एक सभासद रात्रपाळी करून पहाटे सायकलने घरी येत होता. मागून आलेल्या वाहनाने त्याला उडवले. ज्या कारखान्यात त्याने बारा वर्षे काढली त्याने कळवले की अपघात फाटकाबाहेर झाला, कामाशी संबंध नाही. त्या कुटुंबाला भरपाई मिळवून द्यायला आम्हाला कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा ह्या वाटेवरचा अपघात, कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच समजावा असे ठरले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आले आहे. म्हणजे कायद्यानेसुद्धा आता मान्य केले की कामगाराचा रस्ता हा त्याच्या कामाचा भाग आहे. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे? येथे बसलेल्या मंडळींनी आपापल्या घरी एवढे जरी सांगितले, तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, आणि मुळशी-मावळच्या रस्त्यांवरूनही परदेशी स्वार गेले. त्यासाठी रस्ते नव्याने डांबरून घेतले गेले. काही लोकांनी टीका केली की आमच्यासाठी खड्डे बुजत नाहीत आणि पाहुण्यांसाठी बुजतात. टीका खरी आहे. परंतु मी तिच्यातून दुसरे अनुमान काढतो. रस्ता करायचा म्हटला की करता येतो, वाहतूक थांबवायची म्हटली की थांबवता येते, हे सिद्ध झाले. दर वर्षी पालखीसाठी आपण हे करतोच. वारकरी पायी चालतो म्हणून मोटारीने थांबावे, ह्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्षातून एका रविवारी, पहाटेपासून दहा वाजेपर्यंत, कामशेत ते पवनानगर हा रस्ता मोटारींसाठी बंद ठेवावा आणि त्यावर आपल्या तालुक्याची सायकल-शर्यत घ्यावी. पोरींची वेगळी, पोरांची वेगळी, आणि एक कामावर जाण्याच्या साध्या सायकलींची, कॅरिअर आणि डब्यासकट. खर्च फार नाही. पंचायतीने ठराव करावा, पोलिसांनी बंदोबस्त द्यावा, आणि शर्यतीआधी रस्त्याच्या कडा गावाने श्रमदानाने साफ कराव्यात, जशी रूबेची मंडळी दगड बसवतात. आणि त्याच अर्जात दुसरी मागणी जोडावी, की जुन्या महामार्गाच्या कडेला पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी हातभर का होईना, आखलेली पट्टी ठेवावी. पहिली मागणी मान्य होणे सोपे आहे. दुसरीसाठी भांडावे लागेल, आणि त्याची आम्हाला सवय आहे.

अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो दाराशी टेबलावर ठेवीन. ज्यांना पटले असेल त्यांनी जाताना सही करावी.